दिवसा कारकून, रात्री नट : बॅरी फिट्झगेराल्ड आणि आयरिश माणसाचं सोंग

आजच्या विषयाचं नाव ऐकून तुमच्यापैकी अनेकांना काही आठवणार नाही, पण चेहरा दाखवला तर नक्की आठवेल. जॉन फोर्डचा १९५२ सालचा ‘द क्वाएट मॅन’ पाहिला असेल, तर त्यातला घोडागाडीवाला आठवा. बुटका, जाड भुवयांचा, तोंडात पाईप. त्याचा घोडा गुत्त्यासमोर आला की हाकणाऱ्याला न विचारता आपणहून थांबतो! तो गाडीवाला म्हणजे बॅरी फिट्झगेराल्ड. अमेरिकेत आणि इंग्लंडात दोन पिढ्यांना ‘आयरिश माणूस’ म्हटलं की जे चित्र डोळ्यासमोर यायचं, ते बरंचसं या माणसाचं होतं. बोलघेवडा, तिरसट, पिण्यात रमणारा, पण मनाने निर्मळ.

आता हे चित्र खरं होतं का? आणि ज्याने ते काढलं, तो स्वतः कोण होता? आज आपल्याला हे पाहायचंय. चरित्र सांगायचंच आहे, पण ते सांगता सांगता एक प्रश्न सोडवायचा आहे, निदान सोडवून पाहायचा आहे.

त्याचं खरं नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. घरात ‘विल’. जन्म डब्लिनचा, १० मार्च १८८८. घर प्रॉटेस्टंट. वडील अडॉल्फस शील्ड्स छपाईच्या व्यवसायातले, कामगार चळवळीत वावरलेले, समाजवादी विचारांचे. आई जर्मन. म्हणजे पाहा, पुढे जो जगासाठी अस्सल कॅथलिक आयरिश म्हातारा ठरला, तो एका जर्मन आईचा प्रॉटेस्टंट मुलगा. आम्ही वर्गात अस्मितेचा प्रश्न शिकवायचो, तेव्हा असं उदाहरण हाताशी असतं तर फार बरं झालं असतं.

विलने परीक्षा दिली आणि १९११ साली सरकारी नोकरीत शिरला. सरकार कोणाचं? ब्रिटिशांचं. बेकारी विम्याच्या खात्यात कारकून. काम फारसं जड नव्हतं, आणि संध्याकाळ मोकळी. धाकटा भाऊ आर्थर ॲबी थिएटरमध्ये नट होता. भावाच्या ओळखीने विलही तिथे जाऊ लागला आणि १९१५ च्या सुमारास किरकोळ भूमिका करू लागला. साहेबाला कळलं तर पंचाईत, म्हणून दुसरं नाव घेतलं: बॅरी फिट्झगेराल्ड. पहिल्याच एका भूमिकेत चार शब्दांचं वाक्य होतं, त्यातही घाबरून शब्दांची आद्याक्षरं अदलाबदल करून बसला, अशी गोष्ट सांगतात. प्रेक्षक हसले. नट विनोदी आहे असं तेव्हाच ठरून गेलं म्हणायचं!

इथे ॲबी थिएटरविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९०४ साली डब्लिनमध्ये हे नाट्यगृह उघडलं. मागे माणसं कोण? कवी येट्स, लेडी ग्रेगरी, नाटककार सिंग. इंग्रजी रंगभूमीवर त्याआधी दोनेकशे वर्षं एक ठरीव पात्र चालत आलेलं होतं: आयरिश माणूस म्हणजे दारू पिणारा, भांडकुदळ, विचित्र हेल काढून बोलणारा विदूषक. गोऱ्या साहेबाला हसायला एक गडी लागतोच, आणि साहेबाच्या नाटकात तो गडी आयरिश असायचा. ज्या लोकांना विदूषक ठरवलं, त्यांना स्वराज्य कशाला द्यायचं? असा तो सरळ हिशेब. येट्स आणि मंडळींनी जाहीर केलं होतं की आमची रंगभूमी हे सोंग पुसून टाकेल, आयर्लंडचं खरं आणि भारदस्त रूप दाखवेल. म्हणजे ॲबी ही नुसती नाटक कंपनी नव्हती. ती राष्ट्रउभारणीची जागा होती.

ही गोष्ट किती शब्दशः खरी होती, ते १९१६ च्या ईस्टरच्या सोमवारी दिसलं. २४ एप्रिलला डब्लिनमध्ये उठाव झाला. ॲबीतली काही माणसं त्यात होती. शॉन कॉनली नावाचा नट सिटी हॉलच्या छपरावर पहिल्याच दिवशी गोळी लागून मेला. आणि आपला आर्थर शील्ड्स, वय वीस वर्षं, नाट्यगृहात लपवून ठेवलेली रायफल घेऊन लढायला गेला. पुढे पकडला गेला आणि वेल्समधल्या फ्राँगॉखच्या छावणीत स्थानबद्ध झाला. योगायोग असा की त्याच एप्रिल महिन्यात लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग काढली. ‘होमरूल’ हा शब्द मूळ आयर्लंडच्या राजकारणातला. आपण तो इथे हाती घेत होतो, तेव्हा तिथले तरुण तो अपुरा म्हणून टाकून देत होते.

आणि थोरला भाऊ? तो ज्या सरकारविरुद्ध धाकटा बंदूक घेऊन उभा राहिला, त्याच सरकारच्या टेबलावर फायली लिहीत होता. एका घरातले दोन भाऊ, एक बंडखोर, एक कारकून. कुणी म्हणेल, थोरला भित्रा. आम्हाला तसं वाटत नाही. घरात एकाचा पगार चालू असतो, म्हणून दुसऱ्याला कधीकधी बंड परवडतं. आपल्याकडच्या स्वातंत्र्यलढ्याच्या घराघरांतल्या हकिकती ज्यांनी ऐकल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. १९२२ साली आयरिश फ्री स्टेट आलं, राज्य बदललं. विलचं टेबल मात्र तेच राहिलं.

मग ओ’केसी आला. शॉन ओ’केसी, डब्लिनच्या गरीब वस्तीतून वर आलेला, अंगमेहनतीची कामं केलेला, मोठ्या वयात नाटककार झालेला माणूस. तोही प्रॉटेस्टंट घरातला. मार्च १९२४ मध्ये त्याचं ‘जुनो अँड द पेकॉक’ रंगमंचावर आलं आणि त्यात ‘कॅप्टन’ बॉइलची भूमिका फिट्झगेराल्डने केली. हा बॉइल कसला कॅप्टन! काम मिळतंय असं ऐकलं की त्याचे पाय दुखायला लागतात. मित्राला घेऊन गुत्त्यात बसायचं आणि कधी न केलेल्या समुद्रसफरींच्या बढाया मारायच्या. प्रेक्षक पोट धरून हसतात. आणि घर? मुलगा यादवीत मारला जातो, फसवल्या गेलेल्या पोरीला घेऊन बायको घर सोडून जाते, सामान उचलून नेलं जातं. शेवटी रिकाम्या खोलीत हा दारू पिऊन येतो आणि जग बिघडलंय अशी बडबड करतो. मघाशी ज्यावर हसलो, तेच शेवटी अंगावर येतं. विदूषक तोच, दारू तीच. फक्त आता त्या दारूची किंमत कोणी भरली, हे आपल्याला दिसलेलं असतं.

आमच्या मते फिट्झगेराल्डचं सगळ्यात मोठं काम हेच. त्याचं चित्रीकरण नाही, ते गेलं. हिचकॉकने १९३० साली या नाटकाचा बोलपट केला, त्यात फिट्झगेराल्ड आहे, पण बॉइल म्हणून नव्हे, एका छोट्या भाषणापुरता. नाटकाच्या इतिहासाचं दुखणं हेच आहे. जे उत्तम, ते त्या रात्रीबरोबर जातं.

आता १९२६. ८ फेब्रुवारीला ओ’केसीचं ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ लागलं. विषय खुद्द १९१६ चा उठाव, अवघ्या दहा वर्षांपूर्वीचा. लक्षात घ्या, ॲबीला त्याच्या आदल्याच वर्षी नव्या सरकारचं ८५० पौंडांचं अनुदान सुरू झालं होतं. म्हणजे राष्ट्राच्या पैशावर चालणारं नाट्यगृह, आणि नाटकात काय? दुसऱ्या अंकात गुत्ता. आत एक वेश्या गिऱ्हाईक नाही म्हणून कुरकुरतेय. बाहेर सभेत हौतात्म्याचं भाषण चाललंय, आणि ते शब्द पिअर्सच्या भाषणांतून घेतलेले, ज्या पिअर्सला उठावानंतर ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या. भाषण ऐकून सैनिक झेंडे घेऊन गुत्त्यात शिरतात. फिट्झगेराल्ड होता फ्लूथर गुड, दारू सोडायच्या शपथा घेणारा सुतार. आणि झेंडा घेऊन आत येणाऱ्यांपैकी लेफ्टनंट लँगनच्या भूमिकेत कोण? आर्थर शील्ड्स. ज्याने दहा वर्षांपूर्वी खरी रायफल उचलली होती, तो.

गुरुवारी, चौथ्या प्रयोगाला, दंगा झाला. प्रेक्षागृहात उठावात मेलेल्यांच्या घरच्या बायका होत्या. त्यांच्या पुढारी हॅना शीही-स्केफिंग्टन. यांच्या नवऱ्याला, जो शांततावादी होता आणि हातात शस्त्र धरत नव्हता, १९१६ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने चौकशीविना गोळ्या घालायला लावल्या होत्या. या बाईंना ‘अडाणी जमाव’ म्हणून झटकून टाकता येत नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमची माणसं ज्या झेंड्यासाठी मेली, तो तुम्ही गुत्त्यात नेऊन ठेवलात, आणि वर सरकारी पैसा घेता. लोक रंगमंचावर चढले, झटापट झाली. फिट्झगेराल्डने वर चढलेल्या एकाला असा ठोसा लगावला की तो खाली खुर्च्यांत जाऊन पडला. येट्सनी पुढे येऊन प्रेक्षकांना खडसावलं, की तुम्ही पुन्हा एकदा स्वतःची बेअब्रू केलीत. ‘पुन्हा’ अशासाठी की १९०७ मध्ये सिंगच्या नाटकाला असाच दंगा झाला होता.

पण आम्हाला या रात्रीतली तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एफ. जे. मॅकॉर्मिक हा ॲबीचा थोर नट. तो पुढे आला आणि प्रेक्षकांना म्हणाला की नट आणि नाटक यांत फरक करा. म्हणजे, शब्द लेखकाचे, आम्ही फक्त बोलतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे दिदेरो आठवतो. अठराव्या शतकात त्याने मांडलं की उत्तम नट स्वतः काही अनुभवत नाही, तो थंड डोक्याने इतरांना अनुभव देतो. मॅकॉर्मिकला हे सोयीचं होतं. पण नट खरंच असा हात झटकू शकतो का? फिट्झगेराल्डचा ठोसा हे दुसरं उत्तर आहे. तो कारकून, मुलखाचा लाजाळू. पण त्या रात्री त्याने नाटकाची बाजू स्वतःची मानली. पटो न पटो, पण तो पात्रामागे लपला नाही. आणि आर्थर? त्याच्याइतका अधिकार त्या रंगमंचावर कोणाचा होता? त्याला ते नाटक उठावाचा अपमान वाटलं असतं, तर तो त्यात उभा राहिला असता का? हॅनाबाईंचं दुःख खरं, आणि आर्थरचं उभं राहणंही खरं. या दोन खरेपणांची बेरीज आम्हाला अजून जमलेली नाही.

पुढचं भराभर सांगतो. १९२९ साली ओ’केसीचं ‘द सिल्व्हर टासी’, जे ॲबीने नाकारलं होतं, ते लंडनमध्ये झालं. त्यात काम करायला फिट्झगेराल्ड गेला आणि नोकरी एकदाची सुटली. वय एक्केचाळीस. १९३६ साली जॉन फोर्डने ‘द प्लाउ अँड द स्टार्स’चा चित्रपट केला आणि ॲबीच्या नटांना हॉलिवूडला बोलावलं. फिट्झगेराल्ड पुन्हा फ्लूथर. आणि आर्थर शील्ड्सला भूमिका कोणती? पिअर्सची! वीस वर्षांपूर्वी ज्याच्या हाकेला ओ देऊन लढायला गेला, तोच पुढारी आता हा कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत रंगवत होता.

त्यानंतर फिट्झगेराल्ड तिथेच रमला. ‘ब्रिंगिंग अप बेबी’त माळी, ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’त चक्क वेल्श, ‘द नेकेड सिटी’त न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी. १९४४ साली ‘गोइंग माय वे’त म्हातारा कॅथलिक पाद्री फादर फिट्झगिबन. या एकाच भूमिकेसाठी त्याला मुख्य आणि सहायक अशा दोन्ही विभागांत ऑस्करचं नामांकन मिळालं. असं पूर्वी घडलं नव्हतं, आणि पुन्हा घडू नये म्हणून नियम बदलला. मुख्य अभिनेत्याचं बक्षीस त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बीला गेलं, याला सहायकाचं. युद्धाचे दिवस, धातूची टंचाई, म्हणून तेव्हा ऑस्करच्या बाहुल्या प्लॅस्टरच्या असत. गोल्फचा भारी नाद. घरात काठी फिरवून पाहताना याने बाहुलीचं मुंडकंच उडवलं!

तर आता आपला मूळ प्रश्न. जे नाट्यगृह आयरिश विदूषकाचं सोंग पुसायला निघालं, त्याच्याच नटाने ते सोंग जगभर नेलं, असा आरोप होतो. आरोपात तथ्य आहे. ‘क्वाएट मॅन’मधला गाडीवाला हा कॅप्टन बॉइलचाच भाऊबंद आहे, पण त्याच्या पिण्याची किंमत कोणी भरताना दिसत नाही. घोडा थांबतो, आपण हसतो, पुढे जातो. हॉलिवूडने अर्धा बॉइल घेतला, उरलेला अर्धा डब्लिनच्या रिकाम्या खोलीत सोडून दिला. यात नटाचा दोष किती? साठीतल्या माणसाने मिळालेलं काम नाकारायला हवं होतं, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पण ‘गोइंग माय वे’चा शेवट पाहा. पंचेचाळीस वर्षांनी म्हाताऱ्या पाद्र्याची आई आयर्लंडहून येते. चित्रपट भाबडा आहे, हो, अगदी साखरेत घोळलेला. पण आई दिसल्यावर तो म्हातारा ज्या पावलांनी तिच्याकडे जातो, त्यात विदूषक नाही. देश सोडून गेलेल्या लाखो लोकांची घरं त्या चालण्यात आहेत. तिथे तो नट ॲबीचा आहे.

‘क्वाएट मॅन’मध्ये दोघे भाऊ आहेत. थोरला गाडीवाला. धाकटा गावातला प्रॉटेस्टंट धर्मगुरू. गावातली प्रॉटेस्टंट वस्ती इतकी थोडी की त्याची बदली व्हायची वेळ येते. मग त्याचे बिशप येतात, तेव्हा कॅथलिक गावकरी रस्त्यावर उभे राहून त्याच्या नावाने जयजयकार करतात, जणू सगळे त्याचेच अनुयायी. प्रत्यक्ष आयर्लंडच्या इतिहासात असं सहसा घडलं नाही. पण तो जयजयकार ऐकत गाडीत बसलेला माणूस १९१६ साली प्रॉटेस्टंट असून त्याच लोकांसाठी लढला होता, हे माहीत असलं की तो प्रसंग वेगळा दिसतो. पुन्हा पाहाल तेव्हा या नजरेने पाहा.

शेवटी फिट्झगेराल्ड डब्लिनला परतला आणि जानेवारी १९६१ मध्ये तिथेच वारला. लग्न केलं नव्हतं. आर्थर कॅलिफोर्नियातच राहिला, १९७० च्या एप्रिलमध्ये गेला. त्याचं शव आयर्लंडला आणलं, आणि डब्लिनजवळच्या डीन्स ग्रेंजच्या दफनभूमीत, जिथे थोरला होता, तिथेच पुरलं.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.