बर्फातली पलटण आणि पिठाचं पोतं

विशेष दल म्हटलं की डोळ्यासमोर सिनेमातला कमांडो येतो. तोंडाला काळं फासलेला, दोरावरून सरसर उतरणारा. पण बर्फातल्या लढायांचा इतिहास वाचायला घेतला की वेगळंच चित्र दिसतं. तिथे शौर्याच्या आधी प्रश्न येतो तो कोठाराचा. आमच्या राहनाळात चारी बाजूंना गोदामंच गोदामं. ठरलेला माल ठरलेल्या दिवशी पोचला नाही तर काय होतं, ते इथला कुणीही सांगेल. सैन्यात मात्र त्याची किंमत माणसांनी मोजावी लागते.

१९६२ चंच बघा. मैदानी प्रदेशातून उचललेले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत नामका चूच्या काठी उभे केले गेले. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात, तेही त्यांना मिळाले नाहीत. पराभव समोर दिसत असताना, १४ नोव्हेंबर १९६२ ला, स्पेशल फ्रंटियर फोर्स उभी राहिली. त्यात घेतले तिबेटी निर्वासित, म्हणजे त्याच हवेत वाढलेली माणसं. पुढच्याच वर्षी लडाख स्काउट्स आले. धडा साधा होता: थंडीत लढायचं तर थंडीची सवय असलेला माणूस हवा.

दुसरा धडा सियाचिनचा. १९८४ मध्ये पाकिस्तानने बर्फातल्या कपड्यांसाठी लंडनच्या ज्या पुरवठादाराकडे विचारणा केली, तो नेमका भारतालाही माल देत होता. त्यावरून आपल्याला त्यांचा बेत कळला असं म्हणतात. आपले कपडे पोचले १२ एप्रिलला आणि १३ एप्रिलला चीता हेलिकॉप्टरं बिलाफोंड लाकडे निघाली. उंची सुमारे १८ हजार फूट. तुकडीचे प्रमुख होते कुमाऊं रेजिमेंटचे कॅप्टन संजय कुलकर्णी (पुढे लेफ्टनंट जनरल). खालचा बर्फ वजन पेलेल की नाही हे बघायला आधी पिठाचं पोतं खाली टाकलं आणि मग उड्या मारल्या, असं सांगतात. नंतर हिमवादळ आलं. एक जवान दगावला, अनेकांना हिमदंश झाला. शत्रूची गोळी सुटायच्या आधीच!

तर मग अशा दलांचं पुढचं काम काय? २०२० ने त्याचं उत्तर बरंचसं दिलं आहे. २९-३० ऑगस्टच्या रात्री पँगाँगच्या दक्षिणेकडच्या उंच जागा आपण घेतल्या, त्यात १९६२ ची तीच फ्रंटियर फोर्स होती. काम एका रात्रीचं. पण त्यानंतर सगळा हिवाळा हजारो साध्या जवानांनी तिथे काढला, आणि त्यांच्यासाठी घाईघाईने अमेरिकेकडूनही गरम कपडे घ्यावे लागले. म्हणजे शिखर घेणं हे खास दलाचं काम, ते राखणं साध्या पलटणीचं, आणि दोघांनाही जिवंत ठेवणं कोठाराचं. उद्या ड्रोन वाढतील, पण थंडीत बॅटरीही लवकर उतरते आणि विरळ हवेत हेलिकॉप्टर कमीच वजन उचलतं. हिशेब शेवटी किलोचाच राहणार.

मला वाटतं, आपण फक्त टोकदार दलांचं कौतुक करतो आणि मागच्या रांगेला विसरतो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि १९ मद्रासच्या चौकीतले दहा जण गाडले गेले. सहा दिवसांनी हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले तेव्हा सारा देश टीव्हीपुढे बसला होता, पण ११ तारखेला तेही गेले. त्या दहांत सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. ते कमांडो नव्हते, नर्सिंग असिस्टंट होते. साडेएकोणीस हजार फुटांवर दुसऱ्याचा जीव सांभाळायला ठेवलेला माणूस. बर्फातल्या युद्धाचं भविष्य लिहिताना पहिली ओळ त्याच्यावर लिहायला हवी.