अभ्यासेतर उपक्रम आणि महाविद्यालयीन प्रवेश (डिंभे परिसर)

क्रीडा, चित्रकला, संगीत, लोककला यांसारख्या अभ्यासेतर उपक्रमांचा महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रवेशाशी संबंध मुख्यतः दहावीच्या वाढीव गुणांतून येतो. अकरावीची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. 2025-26 पासून ही प्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली आहे.

वाढीव गुण : कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाल्यास 7, ब श्रेणीस 5 आणि क श्रेणीस 3 गुण मिळतात. पाचशेपैकी 7 गुण म्हणजे 1.4 टक्के. खेळाडूंना स्पर्धेची पातळी व कामगिरी पाहून कमाल 25 गुण दिले जातात. त्यासाठी शाळेचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यामार्फत विभागीय मंडळाकडे जातो. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांनाही सवलत आहे.

डिंभे परिसर : आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण असून त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. जुने आंबेगाव गाव याच पाण्याखाली गेले. जलाशयाच्या वरच्या अंगाला महादेव कोळी, ठाकर व कातकरी वस्त्या आहेत. येथील मुले डोंगर सहज चढतात, गावच्या जत्रेत ढोल-लेझीम खेळतात. मात्र प्रमाणपत्राशिवाय या कौशल्यांचे वाढीव गुण मिळत नाहीत. चित्रकलेच्या परीक्षेला शिकवणारा शिक्षक लागतो, खेळाला तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढाव्या लागतात. त्यामुळे अंगच्या कौशल्याइतकेच महत्त्व शाळेतील सोयींना आणि आठवी-नववीपासून कागदपत्रे जपणाऱ्या शिक्षकाला येते.

घोडेगाव, मंचर व जुन्नर येथील महाविद्यालये या भागाला जवळची. पुण्यातील मागणी असलेल्या महाविद्यालयांत मात्र गुणांच्या अपूर्णांकानेही जागा हुकते, म्हणून तेथे वाढीव गुण मोलाचे ठरतात. अनुसूचित जमातींचे 7 टक्के आणि प्रकल्पग्रस्तांचे समांतर आरक्षण यांचा उपक्रमांशी संबंध नाही. त्यांसाठी वेगळे दाखले लागतात.

बारावीनंतर : वैद्यकीय प्रवेश नीटच्या आणि अभियांत्रिकी प्रवेश प्रामुख्याने एमएचटी-सीईटी व जेईईच्या गुणांवर होतात, त्यांत उपक्रमांचे गुण मिळवले जात नाहीत. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात 2 अतिरिक्त जागा ठेवल्या. त्यासाठीही जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पात्र ठरावे लागते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे गुणांबरोबर निबंध, शिफारसपत्रे व उपक्रम एकत्र तपासतात.