हगामा, गदा आणि घड्याळ

कुस्ती गादीने बिघडवली, असे नगर जिल्ह्यातले जुने कुस्तीशौकीन ठामपणे सांगतात. तांबडी माती मागे पडली, तिच्या जागी रबरी गादी आली आणि गादीबरोबर गुण, शिट्टी, लाल-निळे पोशाख आणि न संपणारे वाद आले, असा त्यांचा हिशोब आहे. ही तक्रार म्हातारपणाची कुरकुर म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे एक खेळ डोळ्यांत तेल घालून पाहिला, त्यांना त्यात काहीतरी मोडले आहे असे जाणवत असेल, तर मोडलेले काहीतरी असतेच. मात्र आरोप चुकीच्या ठिकाणी ठेवला जातो, असे माझे म्हणणे आहे. माती आणि गादी हा या बदलाचा डोळ्यांना दिसणारा भाग. खरा बदल झाला तो कुस्ती कधी संपते आणि ती संपली हे कोणी म्हणायचे, या दोन गोष्टींत. गेल्या काही वर्षांतल्या महाराष्ट्र केसरीच्या लढती, आणि त्यांतही २०२५ साली याच जिल्ह्यात दोन महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन स्पर्धा, त्याचा पुरावा आहेत.

आधी जुनी रीत नीट समजून घ्यायला हवी, कारण तिचे कौतुक करणारेही ती अर्धवटच सांगतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या पट्ट्यात जत्रा म्हटली की शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा हगामा आलाच. कोल्हापूर-सांगलीकडे त्याला मैदान किंवा फड म्हणतात. सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या आणि सगळ्यांत शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती. हलगी कडाडत असते. पैलवान आखाड्याला फेरी मारतो, हात वर करतो आणि त्याच्या तोलाचा दुसरा कोणी पुढे येतो. जोड लावायचे काम यात्रा कमिटीतल्या जाणत्यांचे, आणि ते फार कसबाचे असते. वजनकाटा नसतो. अंग, उंची, कोणत्या तालमीचा, कोणत्या वस्तादाचा चेला, मागच्या हगाम्यात कोणाशी धरली होती, हे सगळे पाहून जोड ठरते. हलकी जोड लावली तर लोक ओरडतात, भारी लावली तरी ओरडतात. जोड लागली की सलामी, खडाखडी आणि मग दोघांपैकी एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती. पाठ लागली की पंचाने काही बोलायच्या आधीच फेटे हवेत उडालेले असतात.

या रीतीचा एक भाग आठवणींतून नेहमी गळतो. बऱ्याच मोठ्या कुस्त्या निकाली होतच नसत. दोघेही तुल्यबळ निघाले, अर्धा-पाऊण तास झटूनही कोणी पडेना, तर पंच दोघांचे हात धरून वर करत आणि कुस्ती बरोबरीत सोडवत. इनाम वाटून दिले जाई. लोक हळहळत, पण त्या हळहळीत पुढच्या वर्षीचे आमंत्रण असे. हीच जोड पुन्हा लावा, अशी मागणी तिथल्या तिथे होई. थोडक्यात, हगाम्याच्या कुस्तीला दोनच शेवट होते: सगळ्यांना दिसेल अशी चितपट, किंवा सगळ्यांना मान्य होईल अशी बरोबरी. तिसरा शेवट, म्हणजे कोणीही पडले नाही तरी एकाने हरायचे, हा त्या व्यवस्थेत फारसा नव्हता. जुन्या रसिकाचे जे हरवले आहे ते हे.

तिसरा शेवट आला तो स्पर्धेबरोबर. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने महाराष्ट्र केसरी सुरू झाली आणि १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. जत्रेतल्या हगाम्याला दरवर्षी एकच एक विजेता लागत नाही, पण स्पर्धेच्या मानाच्या गदेला लागतो. एका गदेचे दोन तुकडे करता येत नाहीत. तरीही सुरुवातीच्या काळात हगाम्याची सवय स्पर्धेतून पुरती गेली नव्हती. १९७७ साली चाळीसगावच्या स्पर्धेत अंतिम कुस्ती अनिर्णित राहिली आणि त्या वर्षी महाराष्ट्र केसरी झालाच नाही. आज असे घडणे अशक्य आहे. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती आणि सहा मिनिटे संपली की फलकावरचे आकडे, हा आजचा कायदा. खाली घेतले की दोन गुण, धोक्याच्या स्थितीत फेकले की चार, वर्तुळाबाहेर ढकलले की एक, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. चितपट अजूनही सर्वश्रेष्ठ आहे, पण तिची वाट पाहायला आता कोणी थांबत नाही.

गादी निर्दोष आहे हे दाखवायला जानेवारी २०२३ ची पुण्यातल्या कोथरूडची स्पर्धा पुरेशी आहे. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची माती विभागातली ती लढत अनेकांना आठवत असेल. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, आणि सिकंदर त्या डावात धोक्याच्या स्थितीत आलाच नव्हता, असे म्हणत अर्धा महाराष्ट्र ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत बसला. महेंद्र जिंकला आणि अंतिम लढतीत शिवराज राक्षेकडून हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराजला चितपट करून गदा उचलली आणि अनेकांना हिशोब पुरा झाल्यासारखे वाटले. आता कोथरूडच्या त्या वादात गादी कुठे होती? लढत तांबड्या मातीवर होती, डावही तालमीतला जुनाच होता. वाद झाला तो दोन द्यायचे की चार, एवढ्याच प्रश्नावर. हगाम्यात ती टांग लागली असती तर पैलवान पडला किंवा सावरला, एवढेच लोकांनी पाहिले असते, आणि सावरला असता तर कुस्ती पुढे चालू राहिली असती.

याच्या उलट बाजूचा पुरावा नगरनेच दिला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी वाडिया पार्कवर गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकले नव्हते, चित्रीकरण पाहून ठरवा, ही शिवराजची मागणी मान्य झाली नाही आणि संतापाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही एका गुणावरून नाराज होऊन वेळ संपायच्या आत आखाडा सोडून गेला आणि पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही, आणि तालमीच्या संस्कारात तर नाहीच नाही. पण माझ्या मुद्द्याला सगळ्यांत मोठी अडचण या लढतीची आहे, कारण इथे वाद गुणांचा नव्हता. जी चितपट सर्वांना दिसते म्हणून जुने लोक सांगतात, तिच्यावरच वाद झाला. मग जुनी कसोटी तरी कुठे निर्विवाद राहिली?

या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते पुन्हा वेळेकडेच नेते. हगाम्यातली चितपट निर्विवाद वाटे याचे कारण तिथल्या पंचांची नजर अधिक तेज होती असे नाही. शंका असेल तर चितपट मानायचीच नाही, अशी तिथे सोय होती. अर्धी पाठ लागली, एक खांदा उचललेला राहिला, तर लोक ‘नाही, नाही’ म्हणून ओरडत आणि पंच कुस्ती पुन्हा उभी करत. वेळ हाताशी असल्यामुळे शंकेचा फायदा खेळाला मिळे. स्पर्धेत शंका क्षणात मिटवावी लागते, कारण पुढची लढत, थेट प्रक्षेपण आणि पाहुण्यांच्या हस्ते गदा देण्याची वेळ हे सारे ठरलेले असते. क्षणार्धात दिलेला निकाल बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण तो बरोबर असल्याची खात्री करून घेण्याचा हक्क समोर बसलेल्या हजारो जाणत्यांकडून निघून गेला आहे, आणि त्यांना हेच झोंबते.

याच गावांतली पंचविशीतली पिढी हे दुःख वेगळ्या रूपात जाणते. मोबाईलवरच्या ज्या खेळात वर्षानुवर्षे हात बसवला, त्यात एका रात्रीत अपडेट येते. जे हत्यार जिंकून देत होते ते बोथट होते, जो नकाशा पाठ होता तो जातो आणि पैसे मोजणाऱ्याला नवी ताकद मिळते. विचारणार कोणाला? खेळ कंपनीचा असतो, खेळाडूची असते ती फक्त मेहनत. आजोबा कुस्तीबद्दल आणि नातू मोबाईलबद्दल तक्रार करतात तेव्हा दोघांचे म्हणणे एकच असते: ज्यांनी खेळ मोठा केला त्यांना न विचारता तो बदलला गेला. फरक आहे तो मालकीत. मोबाईलचा खेळ पहिल्यापासून कंपनीचाच होता. कुस्ती मात्र वर्गणी काढून हगामा भरवणाऱ्या गावांची होती.

दुसरा आक्षेप ऑलिम्पिकचा, आणि तो वजनदार आहे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादी त्यांना नवखी होती, तरी ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिम्पिकचे पदक मिळालेले नाही आणि हरियाणा कुठल्या कुठे निघून गेला. मातीचा लळा सोडला नाही म्हणून आपण मागे पडलो, असे प्रशिक्षक सांगतात तेव्हा त्यांच्याकडे उत्तर मागणारे आकडे असतात. शिवाय बिनघड्याळाची कुस्तीही काही सोवळी नव्हती. १९१० साली लंडनमध्ये गामा पैलवानापुढे झ्बिश्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पालथा पडून राहिला आणि कुस्ती अनिर्णित सुटली. निव्वळ बचाव करून बरोबरी कमावणे हा जुन्या रीतीतला मोठा दोष होता, आणि आधीच ठरवून खेळलेल्या नुरा कुस्त्याही हगाम्यांनी पाहिल्या आहेत. अंग चोरून खेळणाऱ्याला तीस सेकंदांची मुदत देणारा आजचा नियम याच दोषावरचा इलाज आहे आणि तो चांगला इलाज आहे.

हे सगळे मान्य करूनही महाराष्ट्र केसरीचा प्रश्न सुटत नाही. ऑलिम्पिकची तयारी हे कारण असेल, तर गदेची लढत ८६ ते १२५ किलो अशा मोकळ्या गटात कशी होते? असा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. तिथे ८६, ९७ आणि १२५ असे वेगळे वजनगट आहेत. हा मोकळा गट हगाम्याचा वारसा आहे, गदा हगाम्याच्या भावविश्वातली आहे, माती विभाग ठेवला तोही त्याच ओढीने, आणि गर्दी होते तीही हगाम्याचीच. मात्र निकालाचा कायदा तेवढा ऑलिम्पिकचा. माती विभागाचा विजेता शेवटच्या लढतीला गादीवर आणून उभा केला जातो. दोन वेगळ्या खेळांचे अर्धे-अर्धे भाग जोडून ही स्पर्धा उभी आहे आणि दरवर्षी त्या सांध्यावरच ती तडकते. राष्ट्रीय निवडीच्या वजनगटांत कुस्ती पूर्णपणे गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी व्हावी, याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. गदेच्या कुस्तीला तो कायदा लावण्याची सक्ती कोणीही केलेली नाही.

गुणांवरचा निकाल लोकांना पचतच नाही, असेही म्हणता येणार नाही. अकोले तालुक्यातला हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला शैलेश शेळकेवर ३-२ असा अगदी निसटता जिंकला. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन मिरवले आणि कोणी तक्रार केली नाही. मात्र तिथे निकालाला मान्यता मिळाली ती दोन मित्रांच्या मोठेपणामुळे. प्रत्येक अंतिम लढतीत एकाच तालमीचे दोन भाऊ समोरासमोर येणार नाहीत, आणि माणसांच्या चांगुलपणावर टेकलेला नियम पहिल्या कडव्या लढतीत उघडा पडतो.

नगरच्या स्पर्धेनंतर दोन महिन्यांच्या आत, मार्चअखेरीस, कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि सोलापूरचा वेताळ शेळके विजेता ठरला. वाडिया पार्कची स्पर्धा सदुसष्टावी म्हणवली गेली, नंतरची कर्जतची सहासष्टावी, कारण ही स्पर्धा भरवणाऱ्या दोन वेगळ्या संघटना आपापली परंपरा वेगळी मोजतात. एका जिल्ह्याने एका हंगामात दोन महाराष्ट्र केसरी पाहिले. यात पैलवानांचा काडीचाही दोष नाही. दोघांनीही घाम गाळून मान मिळवला. पण गदा देण्याचा अधिकार कोणाचा, हेच जिथे ठरलेले नाही, तिथे टांगेला दोन गुण की चार, हे लोकांनी मुकाट्याने मान्य करावे ही अपेक्षा कशी धरायची? सुधारणेला जागा आहे आणि ती खर्चिकही नाही. गदेच्या लढतीत चितपटीवर शंका घेतली गेली तर चित्रीकरण सर्वांसमोर पडद्यावर दाखवावे. शंका उरली तर कुस्ती पुन्हा उभी करावी. सहा मिनिटांत कोणीच पडले नाही तर आणखी वेळ द्यावा. आणि या नियमांवर मत देण्यासाठी दोन्ही संघटनांनी जिल्ह्यातल्या वस्तादांना आणि हगामा भरवणाऱ्या यात्रा कमिट्यांना पुढच्या स्पर्धेच्या आधी एका बैठकीला बोलवावे.