भांडता येईल असं वाक्य

कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शिरा, प्राचार्यांच्या केबिनबाहेर एक चकचकीत पाटी दिसेल. वर ‘व्हिजन’, खाली ‘मिशन’. जागतिक दर्जा, सर्वांगीण विकास, उत्कृष्टतेचं केंद्र, मूल्याधिष्ठित शिक्षण. कॉलेजचं नाव झाकलंत तर पाटी नाशिकची की नांदेडची, हे सांगता येणार नाही.

मी शिकलो त्या कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून आम्हाला ही वाक्यं पाठ करायला लावली होती. आम्ही ती घोकली. त्यांचा अर्थ ना आम्ही विचारला, ना कुणी सांगितला. पुढे जुन्या शिक्षणसंस्थांचा इतिहास वाचताना मला वेगळीच वाक्यं भेटली. त्यांच्यावरून माणसं एकमेकांशी भांडली होती.

आपल्याकडे ‘मिशन’ हा शब्द आला तो मिशनऱ्यांबरोबर. मिशन शाळा, मिशन हॉस्पिटल. घरदार सोडून एका कामाला वाहून घेतलेली माणसं, असा त्याचा अर्थ लोकांना डोळ्यांनी दिसत होता. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. ते उभारणाऱ्यांसमोर हाच आदर्श होता, फक्त धर्मप्रसाराऐवजी शिक्षण. आजीव सदस्याने तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं शिकवायचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २० वर्षांची शपथ घेतली, पगार महिना ७५ रुपये.

मग वाद पेटला. आजीव सदस्याने बाहेरचं काम घ्यावं का? बाहेरून कमाई करावी का? टिळकांचं म्हणणं स्पष्ट होतं: त्याग ठरला होता ना, मग तो पाळा. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं काम घेतलं, त्यालाही त्यांचा विरोध होता. भांडणाला सामाजिक सुधारणेचे आणि स्वभावांचेही पदर होते. पण १८९०च्या अखेरीस टिळक बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या राजीनाम्यात जेझुइट पाद्र्यांच्या निःस्वार्थ जगण्याचा दाखला होता. कोण बरोबर होतं, यावर आजही वाद घालता येईल. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की संस्थेच्या उद्देशात मोडता येईल असं काहीतरी होतं.

या ध्येयात त्याग कुणी करायचा हे ठरलेलं होतं. शिक्षण नेमकं कुणाच्या घरापर्यंत पोचवायचं, हे मात्र तेवढं नेमकं नव्हतं. ते नाव घेऊन सांगितलं भाऊराव पाटलांनी. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड निर्माण करायची, त्यातल्या गरीब मुलांना फुकट शिकवायचं, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव वाढवायचा, असे तिचे उद्देश. ब्रीद होतं ‘स्वावलंबी शिक्षण’.

हे उद्देश तपासायला समितीची गरज नव्हती. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघालं. तिथे कुठल्या जातींची मुलं राहतात, ती एका पंगतीत जेवतात का, स्वतः राबतात का, हे कुणीही जाऊन पाहावं. वसतिगृह चालवण्यासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. उद्देशाची किंमत कुणी मोजली, हेही दिसत होतं.

मग पाटीवरची भाषा आली कुठून? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी व्यवस्थापनशास्त्राने ‘मिशन’ कंपन्यांच्या दालनात नेलं. पीटर ड्रकरने १९७३च्या पुस्तकात कंपन्यांना बजावलं, आपला धंदा नेमका कोणता ते आधी ठरवा. प्रश्न चांगला होता. पण तो आपल्या कॉलेजांपर्यंत पोचला तो फॉर्ममधला एक रकाना होऊन. १९९४ साली नॅक स्थापन झाली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने मूल्यांकन सक्तीचं केलं. इंजिनिअरिंगसाठी एनबीएच्या गेल्या दशकातल्या नमुन्यात पहिलाच निकष व्हिजन-मिशनचा होता. ती वाक्यं कुठे प्रसिद्ध केलीत, लोकांपर्यंत कशी पोचवलीत, हेही त्यात विचारलेलं. म्हणून पाटी लागते आणि म्हणून आम्ही घोकलं.

मूल्यांकन वाईट आहे असं मी म्हणत नाही. तपासणीच नसेल तर फी भरणाऱ्याला विचारतो कोण? पण तपासलं जाणार म्हटल्यावर कॉलेज सावध लिहितं. ‘गरीब मुलांना फुकट शिकवू’ असं लिहिलं तर उद्या कुणी हिशोब मागेल. ‘सर्वांगीण विकास’ लिहिलं की कुणीच काही मागू शकत नाही. जबाबदारी यावी म्हणून बनवलेल्या रकान्यातून जबाबदारीच निसटते.

यंदा प्रवेश घेणार असाल, तर कॉलेजच्या साइटवरची ती वाक्यं जरूर वाचा. त्यांना तीन प्रश्न विचारा. हे कुणासाठी आहे? करणार कोण? आणि केलं नाही, तर मला ते कळणार कसं? उत्तरं मिळाली नाहीत, तर प्रवेशाच्या दिवशी तेच प्रश्न समोर बसलेल्या सरांना विचारा. फी भरण्याआधी.