कुलूप, औषध आणि माणूस

सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघाले की वाटेत धायरी लागते. धरणाचे पाणी पाहावयास जाणाऱ्या सहलकऱ्यांना तेथे थांबण्याचे कारण नसते. तरीही आम्ही तिचा उल्लेख आवर्जून करतो. मनाच्या आजाराकडे पाहण्याची दृष्टी पालटल्याची एक खूण तेथे आहे.

पुण्यात ‘येरवडा’ हा शब्द पिढ्यानपिढ्या थट्टेने उच्चारला गेला. त्या थट्टेच्या तळाशी भीती होती. १९१२च्या लूनसी कायद्याला मुख्य चिंता होती ती रुग्णास दाखल कसे करावे व कोणाच्या ताब्यात ठेवावे याची. त्याची जागा १९८७च्या कायद्याने घेतली. पण कुलपाची सवय सुटली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली आणि २८ मनोरुग्ण दगावले. त्यांतील अनेकजण साखळ्यांनी बांधलेले होते. घरच्यांनी त्यांना तेथे आणले होते ते बरे व्हावेत म्हणूनच.

त्याआधीच, १९९७ साली, पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन झाली होती. संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅल्गरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारामुळे हे दुःख त्यांनी घरातच जवळून पाहिले होते. धायरीला या संस्थेचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही वाणी होते; त्यातून या आजाराची कथा अनेक मराठी घरांत पोहोचली.

या कार्याचे मर्म एका प्रश्नात आहे. लक्षणे शमली म्हणजे मनुष्य बरा झाला काय? औषध हवेच, परंतु हाताला काम, बोलावयास मित्र आणि स्वतःच्या आयुष्याविषयी स्वतःचा शब्द हेही हवे. बेल्जियममधील गील गावाने हे फार पूर्वी ओळखले. संत डिंफना यांच्या मंदिरी येणाऱ्या रुग्णांना तेथील कुटुंबे शतकानुशतके आपल्या घरी ठेवून घेत आली.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क त्याने दिला. कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणास संस्थेत ठेवता येणार नाही, असेही तो सांगतो.

येथे आम्हांस एक कबुली द्यावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या तरुण मुलास घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिला विचारले, “गोळ्या वेळेवर घेतो ना?” मुलगा समोरच बसला होता, त्याला आम्ही काहीच विचारले नाही. निघताना तोच म्हणाला, “फादर, मला पुन्हा गायनवृंदात यायचंय.” त्याला काय हवे होते ते त्याला ठाऊक होते. विचारणारा मात्र कोणी नव्हता.

कायदा दार उघडू शकतो. पण आत आलेल्यासाठी बाकावर थोडे सरकून जागा करणे, हे काम आपणा धर्मग्रामस्थांचेच आहे.