गिनी कोंबडी : पिल्लांची ओळख व संगोपन

मूळच्या आफ्रिकेतील या पक्ष्याचे पिल्लू २६ ते २८ दिवसांच्या उबवणीनंतर बाहेर येते. तपकिरी अंगावर गडद पट्टे, चोच व पाय नारिंगी. मोतिया ठिपके पुढे पिसे बदलताना दिसू लागतात.

पहिला पंधरवडा जिकिरीचा. ओल पिल्लांना मुळीच सोसत नाही आणि उथळ भांड्यातही ती बुडतात, म्हणून पाण्यात खडे टाकून ठेवतात. पहिल्या आठवड्यात ऊब सुमारे ३५ अंश सेल्सिअस हवी, खाद्यात प्रथिने २४ टक्क्यांच्या आसपास. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. त्यापेक्षा गोणपाट बरे.

नर-मादी रूपावरून ओळखणे अवघडच. आवाज ऐकावा: दुहेरी साद फक्त मादी घालते, एकेरी चिरका आवाज दोघेही काढतात.

इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी हे वाण विकसित केले आहेत.