पाच सह्यांचा अर्ज

श्रोतेहो, आज मी तुम्हांला एका अर्जाची हकीकत सांगणार आहे. १८३६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी आलेली एक तरुण बाई हा अर्ज घेऊन दारोदार हिंडू लागली. ५ महिने खपून सह्या मिळाल्या अवघ्या ५! या बाईचे नाव अर्नेस्टीन रोज.

मागणी काय होती? तेव्हाच्या तिथल्या कायद्याप्रमाणे लग्न लागले की मुलीचा पैसाअडका नवऱ्याचा होई. जमीन नावाला तिची, पण उत्पन्न नवऱ्याच्या हाती. तिची मजुरीही त्याचीच. तो कर्जात बुडाला, तर तिने माहेराहून आणलेल्या चीजवस्तूही सावकाराच्या घशात जात. थॉमस हर्टेल नावाच्या प्रतिनिधीने हा कायदा बदलण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले होते. अर्ज त्याच्या पाठिंब्याचा होता. पण बायकाच सही करीनात! कुणी म्हणे, पुरुषमंडळी हसतील. कुणी म्हणे, आहेत ते हक्क काय थोडे आहेत?

मग ही बाई एवढी चिवट का? त्याचे मूळ पोलंडात आहे बरं का. १८१० साली तिथे एका ज्यू धर्मगुरूच्या घरी तिचा जन्म झाला. मुलींना सहसा न मिळणारे धर्मग्रंथांचे शिक्षण वडिलांनी तिला दिले. ती सोळा वर्षांची असताना आई वारली आणि आईची मिळकत तिच्याकडे आली. वडिलांनी तिला न विचारता सोयरीक ठरवली. करार असा, की मुलीने लग्न मोडले तर मिळकत नवऱ्यामुलाला जावी. पोरीने काय करावे? ती सरळ कालिश येथील न्यायालयात गेली, स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि जिंकली! पुढे मिळकतीचा बराचसा भाग वडिलांनाच देऊन तिने घर सोडले. बर्लिन, लंडन असे करीत ती अमेरिकेस पोहोचली. कायद्याचा कागद बाईला बुडवू शकतो, तसा तारूही शकतो, हे तिने लहान वयातच अनुभवले होते.

म्हणून पाच सह्यांवर ती थांबली नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा व्याख्याने. इतर बायकाही येऊन मिळाल्या. लेकीला दिलेले धन जावयाच्या सावकारांकडे जाऊ नये, असे बड्या जमीनदारांनाही वाटू लागले. त्याचाही जोर लागला. अखेर एप्रिल १८४८ मध्ये कायदा झाला. विवाहितेची लग्नाआधीची आणि वारशाने आलेली मिळकत तिचीच राहिली. मजुरीचा हक्क मात्र १८६० साली मिळाला.

१८५४ साली फिलाडेल्फियातील राष्ट्रीय स्त्रीहक्क परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. धर्माचरण त्यांनी केव्हाच सोडले होते. तरीही १८६३ साली बोस्टनच्या एका पत्राच्या संपादकाने ज्यूंची निंदा केली, तेव्हा त्याच पत्रातून त्यांनी त्याला खडसावले. अन्याय बायकांवरचा असो की आपल्या जातभाईंवरचा, गप्प बसणे त्यांना ठाऊक नव्हते. १८९२ साली इंग्लंडात त्या वारल्या.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पाच सह्यांपासून कायद्यापर्यंत बारा वर्षे लागली. एखाद्या रास्त अर्जावर सह्या थोड्या पडल्या, तर तो फाडू नका. तोच अर्ज घेऊन पुन्हा निघा.